ऐकतच नाही हो तो!

"मॅडम, तो ऐकतच नाही हो!" समुपदेशनाला आल्यावर खुर्चीत टेकता टेकता आईवडिलांच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं. मराठीत कानावर पडलेलं कळणं म्हणजे ऐकणं आणि सांगितलेलं निमूट करणं म्हणजेही ऐकणंच. त्यामुळे ज्या मुलाचं पहिलं ऐकणं अडतं, त्याच्यावर दुसरं न ऐकल्याचा ठपका बसतो. गेल्या काही महिन्यांत अशी तीन-चार मुलं पाठोपाठ आली, म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते.

त्याला सोहम म्हणू. चौथीतला, साडेनऊ वर्षांचा. घर डोंबिवलीला, आई रोज लोकलने मुंबईला कामाला जाणारी, घरी आजी. तक्रारी भराभर आल्या. 'हो' म्हणतो आणि करत नाही. स्वयंपाकघरातून "दही आण" म्हटलं की वही घेऊन उभा. श्रुतलेखनात वर्गात दहापैकी दोन आणि तेच शब्द घरी आजीने घातले की आठ. शाळेतून आला की तासभर नुसती चिडचिड. कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा तपासून झालं होतं.

"कान ठणठणीत आहेत म्हणाले. म्हणजे मुद्दामच करतो ना?" आईने विचारलं.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूत जास्त पोळते, असं मी मानते. त्यामुळे माझं लक्ष 'मुद्दाम' या शब्दावर गेलं आणि पहिल्या दोन भेटी मी आईच्या त्या समजुतीवरच काम केलं. ते काम गरजेचं होतं. पण ती समजूत खोटी कशावरून, हे मला अजून दाखवता येत नव्हतं.

तिसऱ्या भेटीत वीज गेली. माझ्या खोलीतला जुना पंखा खडखडत थांबला. दुपारची वेळ, रस्ताही शांत. आणि दोन भेटींत एकेका शब्दाच्या पुढे न गेलेला सोहम बोलायला लागला. मित्राची सायकल, आजीचे गुडघे, गणपतीत फुटलेला ढोल. मी विचारलं, "आज बरं वाटतंय का रे?"

"हो. आज फक्त तुम्ही येताय."

"म्हणजे?"

"वर्गात सगळे एकदम येतात. पंखा, बाजूचा वर्ग, बाकं, बाई. बाईंचा आवाज येतो, पण शब्द चिकटतात."

वीस मिनिटांनी वीज आली, पंखा फिरू लागला. मी मुद्दाम वहीत मान घालून विचारलं, "दप्तरात काय काय आहे?" तो म्हणाला, "हो." आई जे 'हो' मला सांगत होती, ते हेच. मी पंखा बंद केला, त्याच्याकडे बघून तोच प्रश्न विचारला. "डबा, पाच वह्या आणि कंपास," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मला मिळालेल्या सगळ्यात स्पष्ट उत्तरांपैकी ते एक होतं. ते एका खडखडत्या पंख्याने मिळवून दिलं, पण ते ओळखता आलं याचं मला समाधान आहे.

इथे थोडं थांबून मेंदूबद्दल सांगायला हवं. कानाची नेहमीची तपासणी आवाजबंद खोलीत होते. बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. कान किती हळू आवाज टिपतो, एवढंच त्यातून कळतं. टिपलेल्या आवाजातून शब्द वेगळा काढण्याचं काम पुढे मेंदूत चालतं. इटलीत बोक्का आणि कालेआरो यांनी 1954 मध्ये मेंदूत कानाच्या बाजूला गाठ असलेल्या रुग्णांना तपासलं, तेव्हा साधे सूर त्यांना नीट ऐकू येत होते. पण बोलणं मुद्दाम अस्पष्ट करून ऐकवल्यावर गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ते अडखळू लागले. श्रवणचाचणीचा आलेख चांगला असूनही ऐकणं बिघडलेलं असू शकतं, हे तेव्हापासून माहीत आहे.

एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाशी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा पोहोचतो. मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो आणि गर्दीतून एक आवाज उचलतो. स्वर लांब आणि जोरकस असतात, व्यंजनं क्षणात येऊन जातात. गोंगाटात आधी बुडतात ती व्यंजनंच. 'दही'मधला 'द' बुडाला की उरतं 'अही', आणि रिकामी जागा मुलगा अंदाजाने भरतो. सोहमने भरली 'वही'.

पुढच्या भेटीत मी आईला एकटीला बोलावलं.

"गर्दीच्या लोकलमध्ये फोन आला तर सगळं कळतं तुम्हाला?"

"कुठलं कळतंय! निम्मं अंदाजानेच."

"मग काय करता?"

"हो हो म्हणते आणि ठेवून देते. उतरल्यावर..."

ती मध्येच थांबली. डोळे भरून आले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे तो दिवसभर लोकलमध्येच असतो का हो?" 'मुद्दाम' हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकला नाही. समजूत तर्काने हलवता येते, यावर माझा आजही विश्वास आहे. पण त्या दिवशी ती तिच्या स्वतःच्या अनुभवाने हलली.

मग आम्ही त्याला ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवणं, गोंगाटात शब्द ओळखायला लावणं, आवाजातला छोटासा खंड कळतो का पाहणं, अशा त्या चाचण्या. सात वर्षांच्या आतल्या मुलांवर त्या सहसा करत नाहीत, कारण निकाल भरवशाचे येत नाहीत. सोहमची अडचण गोंगाटातल्या ऐकण्यात आणि दोन कानांच्या चाचणीत ठळक दिसली. याला श्रवण-प्रक्रियेचा दोष म्हणतात. तो स्वतंत्र दोष मानायचा की अवधान आणि भाषेच्या अडचणींचाच भाग, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. म्हणून माझी विनंती, की कुठलंही नाव लावून घेण्याआधी कानातला मळ, पडद्यामागे साठलेलं पाणी, नेहमीची श्रवणचाचणी आणि अवधानाची तपासणी हे सगळं होऊ द्या. अशा तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, मैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. प्रमाणपत्राबद्दलही पालक विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा दोष वेगळा नोंदलेला नाही. अध्ययन अक्षमता मात्र त्यात आहे, म्हणून सोबत तीही असेल तर तपासून घ्यावी.

घरी काय करायचं? सगळ्यात आधी दुसऱ्या खोलीतून हाक मारून काम सांगणं बंद करा. जवळ जा, खांद्याला हात लावा, चेहरा दिसू द्या आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच बुडालेली राहतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून गोंगाटातला मेंदूचा प्रतिसाद मोजला. व्यंजनाआधीचा विराम किंचित वाढवून व्यंजन ठळक केलं, तेव्हा तो प्रतिसाद सुधारला. आपण सावकाश, सुटं सुटं बोलतो तेव्हा हेच घडतं.

आणि "ऐकलंस का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो'च येणार. "काय ऐकलंस, सांग बरं" असं विचारा.

शाळेशी बोलताना मी एकच मागणं लावून धरलं, ते जागेचं. खिडकी, पंखा आणि व्हरांडा यांपासून दूर, बाईंच्या जवळ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे आकड्यात सांगितल्यावर मुख्याध्यापिकांना पटलं. बाईंच्या गळ्यातला छोटा माइक आणि मुलाच्या कानातलं यंत्र हाही उपाय आहे, पण खर्चिक. त्याऐवजी आजी आदल्या रात्री उद्याचा धडा वाचून दाखवू लागली. शब्द ओळखीचे असले की अंदाज बरोबर लागतो. शाळेतून आल्यावर अर्धा तास त्याला कुणी काही विचारायचं नाही, हेही ठरलं. दिवसभर ताणून ऐकलेलं मूल थकलेलं असतं, आणि तो थकवाच चिडचिड होऊन बाहेर पडत होता.

पाच महिन्यांनी आईचा फोन आला. श्रुतलेखनात सहा मिळाले होते, पण सांगायचं होतं दुसरंच. आदल्या दिवशी चटणी वाटता वाटता तिने सवयीने त्याला काहीतरी काम सांगितलं. सोहम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, आधी मिक्सर बंद कर," तो म्हणाला. "मग सांग."