पाय साथ का सोडतात? दम, दुखणं आणि चरबीवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई. मी ट्रॅकवर १०० मीटरचे स्प्रिंट मारते, एका वेळी सहा. पहिले दोन मस्त जातात पण तिसऱ्यापासून पाय उचलतच नाहीत. मध्ये साधारण एक मिनिट थांबते. सोबतची मैत्रीण म्हणते की स्प्रिंटला ऑक्सिजन लागतच नाही, त्यामुळे तू आठवड्यातून दोनदा हळू लांब पळतेस तो वेळ फुकट जातो. ते बंद करू का?

उत्तर: अजिबात बंद करू नका! उलट तुमच्या तिसऱ्या स्प्रिंटचा प्रश्न त्या हळू पळण्यानेच सुटणार आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण हा गैरसमज चांगल्या चांगल्या खेळाडूंमध्येसुद्धा असतो.

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपीवर, म्हणजे पेशीला थेट ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर. खाल्लेलं काहीही असो, शेवटी एटीपी झाल्याशिवाय स्नायूला त्याचा उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे हे एटीपी शरीरात साठवलेलं फार नसतंच, पूर्ण शरीरात मिळून ५० ते १०० ग्रॅमच्या आसपास, जोरात पळायला लागलं तर दोन-तीन सेकंदांचा खेळ. म्हणून ते वापरलं की लगेच परत बनवावं लागतं. नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरातसुद्धा दिवसाला साधारण ४० किलो एटीपी बनतं आणि खर्च होतं, म्हणजे तेच रेणू पुन्हा पुन्हा भरले जातात.

आता हे परत भरायचे रस्ते तीन. सगळ्यात झटपट म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, हा ऊर्जेचा छोटा साठा स्नायूतच तयार असतो, पण पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदात बराचसा संपतो. दुसरा, ग्लुकोज किंवा ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेलं ग्लुकोज) ऑक्सिजनशिवाय अर्धवट तोडायचं, यात वेग भरपूर पण एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी हाती लागतात. तिसरा, मायटोकाँड्रियामध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांमध्ये, ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळायचं, तिथे त्याच ग्लुकोजमधून ३० ते ३२ मिळतात, फक्त हा रस्ता वेग घ्यायला वेळ लावतो. लोक समजतात की एक बंद झाला की दुसरा सुरू होतो, तसं नाहीये, तिन्ही पहिल्या सेकंदापासून चालू असतात, फक्त कोणाचा वाटा किती ते बदलत जातं. पूर्ण ताकदीने सव्वा मिनिटाच्या आसपास पळालं तर ऑक्सिजनवाल्या रस्त्याचा वाटा जवळपास निम्मा झालेला असतो.

मैत्रिणीचं एवढं बरोबर आहे की १०० मीटर पळताना मुख्य भार पहिल्या दोन रस्त्यांवर असतो. पण पळून झाल्यावर काय? रिकामं झालेलं क्रिएटिन फॉस्फेट परत भरायला एटीपी लागतं आणि ते येतं ऑक्सिजनवाल्या रस्त्याने. प्रयोगात व्यायाम संपल्या संपल्या पायाला कफ (रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसा पट्टा) आवळून रक्तपुरवठा थांबवला तर क्रिएटिन फॉस्फेट भरतच नाही, कफ सोडला की भरायला लागतं. म्हणजे तुम्ही कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या असता तेव्हा खरं काम चालू असतं, आणि हळू लांब पळण्याने मायटोकाँड्रिया आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात त्यामुळे हे काम लवकर उरकतं.

क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, जवळजवळ पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. एका मिनिटात तुम्ही अर्धवट भरलेल्या स्नायूंवर दुसरा स्प्रिंट मारता, मग तिसरा त्याहून कमीवर, शिवाय दुसऱ्या रस्त्यामुळे स्नायूत आम्लता चढत जाते ती वेगळीच आणि ती उतरायला याहून जास्त वेळ लागतो. वेग वाढवायचा असेल तर निदान पाच मिनिटं थांबा, सावकाश चालत राहा, चौथा-पाचवा स्प्रिंट फार मंदावला तर त्या दिवशी तिथेच थांबा. एक मिनिटाची विश्रांती ठेवून केलेला व्यायाम वाईट नाही पण तो दमसास वाढवायचा व्यायाम झाला, वेगाचा नाही.

प्रश्न: स्क्वॅट्स केले की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. जिममधले ट्रेनर म्हणतात लॅक्टिक अॅसिड साठलंय, मसाज करून बाहेर काढायला लागेल. खरंय का?

उत्तर: नाही. हे इतकं वर्षानुवर्षं सांगितलं जातं की मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात बिचाऱ्या लॅक्टेटची (लॅक्टिक अॅसिड शरीरात याच रूपात असतं) उगाच बदनामी होते. व्यायाम थांबवल्यावर तासाभरात ते रक्तात जवळपास पहिल्या पातळीवर येतं. तुमचं दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होऊन २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, मग लॅक्टेट दोषी कसं? दुखतं ते स्नायू ताणला जात असताना त्याने वजन पेललं म्हणून, म्हणजे स्क्वॅटमध्ये खाली जाताना किंवा उतारावरून पळताना. त्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि मग सूज येते. उतारावर पळताना लॅक्टेट फारसं बनत नाही तरी पाय सडकून दुखतात, जोरात सायकल मारली तर लॅक्टेट भरपूर बनतं आणि दुसऱ्या दिवशी त्या मानाने काहीच दुखत नाही.

आणि लॅक्टेट हा कचरा नाहीच. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, शेजारचे स्नायूधागे वापरतात, आणि यकृत त्यातून पुन्हा ग्लुकोज बनवतं. या चक्राला कोरी चक्र म्हणतात, गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याच्या नावावरून, दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं होतं. व्यायामानंतर हळू चाललं तर लॅक्टेट लवकर वापरलं जातं हे खरं, पण त्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं टळत नाही. मसाजने बरं वाटत असेल तर जरूर करा. पुढच्या वेळी वजन आणि रेप्स (किती वेळा करता ते) हळूहळू वाढवा, तोच व्यायाम परत केला की दुखणं बरंच कमी होतं. मात्र दुखणं असह्य असेल, पाय खूप सुजले असतील किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: ट्रेडमिलवर फॅट बर्न झोन दाखवतो तो हळू चालण्याचा आहे. मग जोरात चालू नको का?

उत्तर: चाला की. हळू चालताना खर्चातला चरबीचा टक्का जास्त असतो पण एकूण खर्चच कमी असतो. समजा अर्ध्या तासात हळू चालून १५० कॅलरी गेल्या, त्यातल्या ६० टक्के चरबीच्या, म्हणजे ९०. जोरात चालून ३०० गेल्या आणि ४० टक्केच चरबीच्या, तरी त्या १२० होतात. शिवाय त्या अर्ध्या तासात काय जळलं यापेक्षा दिवसभराचं खाणं आणि खर्च यांचा हिशोब महत्त्वाचा. गुडघे दुखत असतील किंवा नुकतीच सुरुवात असेल तर हळूच चाला, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे का?

उत्तर: पुढचा व्यायाम उद्या असेल तर घाई नको, दिवसभरात नीट जेवलात तर ग्लायकोजेन साधारण २४ तासांत भरतं. एकाच दिवशी दोनदा दमवणारा सराव असेल तेव्हा मात्र लगेच खा, पहिले चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ते ७२ ग्रॅम.