दिवाळीला बागेत फुलं हवीत? मग कात्री आत्ताच घ्या

प्रश्न : आमच्याकडं बंगल्यापुढं गुलाबाची सहा, जास्वंदीची तीन आणि एक्झोऱ्याची दोन झाडं आहेत. जूनपर्यंत भरपूर फुलली, आता नुसती पानंच पानं. शेजारचे काका म्हणतात मूठमूठ युरिया टाका. लेक दिवाळीला येणार आहे, तोवर परत फुलं येतील का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : येतील ताई, पण युरिया नको. त्यानं पानंच वाढतात आणि ती तुमच्याकडं आधीच पुष्कळ आहेत. ही तिन्ही झाडं नव्या फुटीवर फुलतात, म्हणून छाटून नवी फूट आणायची, आणि सांगलीकरांना हे काय सांगायचं, तासगावकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीचा डोळा, म्हणजे अंकुर, फुटतो आणि फुटीबरोबरच घड बाहेर येतो, गुलाबाचं पण तसंच असतं. गुलाबाला छाटल्यापासून साधारण 40 ते 50 दिवसांत फूल येतं, तेव्हा कॅलेंडर काढा आणि दिवाळीपासून उलटे दिवस मोजा.

आधी गुलाबाची वाळलेली फुलं काढा. फुलाखाली हिरवी गोटी फुगलेली दिसेल, त्यात बी असतं, ती राहिली की झाडाची ताकद बी पिकवण्यात जाते. नुसत्या पाकळ्या खुडू नका, देठावरनं खाली या, पाच पानांची पत्ती लागेल, तिच्या बगलेत बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या.

एक मात्र सांभाळा, दोन-चार दिवस उघडीप बघूनच छाटा. मी एका वर्षी घाई केली, भर पावसात छाटलं, आणि आठ दिवसांत फांद्या टोकाकडनं काळ्या पडत खाली उतरल्या, तीन चांगली झाडं गेली, अजून वाईट वाटतं. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा, कुठल्याही द्राक्षबागायतदाराकडं मिळेल.

जास्वंदीला गुलाबापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळं आता उशीर झाला असेल तर मोठी छाटणी नको, नुसते शेंडे खुडा. कळ्या उमलायच्या आधीच गळत असतील तर शेंड्यावर कापसासारखा पांढरी मिलीबग कीड आहे का बघा, असली तर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा, मग नीमतेल.

एक्झोऱ्याचे वाळलेले गुच्छ तेवढे काढा. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर लोह कमी पडतंय, चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, फवारा.

खत म्हणाल तर कुजलेलं शेणखत आणि मूठभर बोनमील, म्हणजे हाडांचं खत, बास. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आळ्यात पाणी साचलं तर मुळं गुदमरतात नि कळी धरत नाही, म्हणून आळं मोकळं करा, बोट घालून बघा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्या.

प्रश्न : पाचगणीत आमच्याकडं हायड्रेंजिया आहे, तो पण आत्ता छाटू का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नको हो! त्याच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या शेंड्यात आत्ताच तयार होतायत, कापल्या तर पुढचा सीझन गेला. सुकलेले झुबके तेवढे पहिल्या जाड डोळ्याच्या जोडीपर्यंत काढा, बाकी फांद्यांना हात लावू नका.