फुंकायची टेस्ट नॉर्मल आली, मग रात्री दम का लागतो?

प्रश्न: डॉक्टर, मी 36 वर्षांची आहे, भांडुपला चाळीत राहते. जूनपासून पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येते, उठून बसावं लागतं, छातीत शिट्टी वाजल्यासारखी होते. स्टेशनचा पूल चढला की छाती आवळते पण दुपारी ऑफिसात एकदम ठीक. एक्स-रे क्लिअर आहे, फुंकायची टेस्ट केली तीही नॉर्मल, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं दमा नाही, टेन्शन घेता तुम्ही. टेस्टच्या दिवशी सकाळी त्रास होता म्हणून जावेचा पंप दोनदा मारला होता, तेवढं बरं वाटलं. माझ्या आईला दमा होता. घरात आता सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग मनाचं आहे. खरंच मनाचं असेल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रावरून मला तरी हे मनाचं वाटत नाही. पत्र वाचून निदान करता येत नाही हे खरं, पण पहाटेचा खोकला, शिट्टी, चढताना छाती आवळणं, दिवसा बरं असणं, आईला दमा, हे सगळं एकत्र आलं की कुठल्याही छातीच्या डॉक्टरच्या मनात पहिला दमाच येतो.

आता टेस्ट नॉर्मल का आली ते सांगते. दम्यात श्वासनळ्या कायम आवळलेल्या नसतात, त्या आवळतात आणि सुटतात, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे तुमची ही फुंकायची टेस्ट, फक्त त्या दहा-पंधरा मिनिटांत काय चाललंय तेवढंच सांगते. मे महिन्यात मिस्त्रीला बोलावून छत कुठे गळतं विचारलं तर त्याला कोरडंच दिसणार ना, तसंच हे. त्यात तुम्ही सकाळी पंप घेतला होता. त्यात बहुतेक साल्ब्युटामॉल असतं, त्याने नळ्या काही तास उघड्या राहतात, म्हणून टेस्टच्या आधी किमान 4 तास तो घ्यायचा नसतो आणि रोजचे लांब चालणारे पंप असतील तर 24 ते 36 तास, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. त्रास वाढला तर मात्र पंप घ्यायचा, टेस्ट गेली तरी चालेल. हे पेशंटला आधी कुणीतरी सांगायला हवं आणि बरेचदा सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

अजून एक, नॉर्मल म्हणजे तुमच्या वय-उंचीच्या माणसांच्या मानाने नॉर्मल. जिचा आकडा एरवी अपेक्षित आकड्याच्या 105 टक्के असतो तिचा 85 वर आला तरी कागदावर नॉर्मलच लिहून येतं, म्हणून रिपोर्ट फेकू नका, पुढच्याशी ताडून बघायला लागतो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे त्रास चालू असेल त्या दिवशी पंप न घेता टेस्ट परत, आणि पंप दिल्यावर 10-15 मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिलीलिटरपेक्षा जास्त वाढली तर दम्याला चांगला आधार मिळतो. दुसरं, मला सगळ्यात आवडणारं, पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची छोटी नळी असते, फुंक किती जोरात बाहेर पडते ते मोजते, मेडिकलमध्ये मिळते, महागडी नसते. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, जोरात एकच फुंक, असं तीनदा करायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन आठवडे. समजा सकाळी 300 आणि संध्याकाळी 380 आलं, तर फरक 80, सरासरी 340, म्हणजे साधारण 23 टक्के. असा रोजचा काढून दोन आठवड्यांची सरासरी मोठ्या माणसात 10 टक्क्यांच्या वर गेली तर दम्याचा संशय पक्का होत जातो. पहाटे खोकल्याने उठलात तर तेव्हाचाही आकडा लिहा, ती वही डॉक्टरपुढे ठेवा.

एवढ्यानेही कळलं नाही तर फेनो म्हणून श्वासाची टेस्ट असते, नळ्यांना ॲलर्जीची सूज आहे का ते कळतं, आणि मेथॅकोलिन चॅलेंज, त्यात औषध श्वासातून आत ओढायला देऊन नळ्या किती पटकन आवळतात बघतात. ही दुसरी सगळीकडे होत नाही, मोठ्या सेंटरमध्ये देखरेखीखालीच करतात. केईएम, सायन, नायरला छातीचा विभाग आहे, तिथे दाखवा.

दमाच आहे असं धरूनही चालू नका हं. मुंबईत लांबलेला खोकला म्हटलं की टीबी बघायलाच हवा, ताप येतो का, वजन उतरतंय का ते सांगा, एक्स-रे क्लिअर असला तरी गरज पडली तर थुंकी तपासतात. ॲसिडिटी, नाकातून घशात उतरणारा कफ, खिडकीतली कबुतरं, हेही सांगा. आणि पलंग ओल आलेल्या भिंतीला लागून असेल तर आजच बाजूला ओढा, ती काळी बुरशी नळ्यांना भडकवते.

प्रश्न: दमा निघाला तर पंपाची सवय लागते का? (याच वाचक)

उत्तर: नाही. सूज उतरवणारा पंप अगदी कमी डोसात थेट नळ्यांत जातो. उलट जावेचा नुसता निळा पंप मारत राहणं धोक्याचं, कारण त्याने आराम पडतो पण सूज तशीच राहते, म्हणून 2019 पासून दम्याच्या जागतिक गाइडलाइन्स एकटा तो पंप नको असंच सांगतात. आणि कधी एक वाक्य पुरं बोलता येत नाहीये किंवा ओठ निळे पडलेत असं झालं, तर वही, टेस्ट सगळं बाजूला ठेवून थेट जवळच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.