वडील ७२ चे, आई ६६ ची, सरकारी हेल्थ इन्शुरन्स कोणता मिळेल?

वडिलांचं सोपं आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून टाका. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना मिळतं, पेन्शन किती, घर कोणाचं काही विचारत नाहीत, फक्त आधार लागतं आणि वय पण आधारवरचंच धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, शुगर-बीपी आधीपासून असलं तरी पहिल्या दिवसापासून चालतं, प्रायव्हेट पॉलिसीसारखा वेटिंग पिरियड नाही. आयुष्मान अ‍ॅपवरून घरीच होतं, नाहीतर सीएससी सेंटरला (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) जा.

आईला वयामुळे हे कार्ड आत्ता नाही मिळणार, पण रेशन कार्ड महाराष्ट्राचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, त्यात आता पांढरं कार्डवाले पण बसतात.

एक लक्षात ठेवा, हे सगळं अ‍ॅडमिट झाल्यावरचं आहे, दर महिन्याच्या गोळ्या आणि ओपीडीची फी खिशातूनच जाते. आणि योजनेत असलेलं हॉस्पिटलच लागतं, सगळी नसतात, म्हणून जवळचं कोणतं आहे ते आत्ताच १४५५५ वर विचारून ठेवा, रात्री दोनला पेशंट घेऊन शोधत फिरायची वेळ नको (आमची आली होती). वडील सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची) असतील तर मात्र ती योजना किंवा वय वंदना कार्ड, एकच निवडावं लागतं. प्रायव्हेट पॉलिसी चालू असेल तर ती अजिबात बंद करू नका, दोन्ही ठेवता येतात.