खासदारांचं ऊर्जा सुरक्षेवरचं काम तपासायचं कसं: मतदान, भाषणं आणि प्रश्न

तुमच्या खासदारांच्या कार्यअहवालात तीन दावे आहेत: ऊर्जा सुरक्षेच्या विधेयकांना पाठिंबा दिला, सभागृहात सातत्याने आवाज उठवला, साठाहून अधिक प्रश्न विचारले. यातलं खरं किती आणि त्याला महत्त्व किती द्यायचं, हे तुम्ही विचारलंय. ऊर्जा आणि पेट्रोलियम या दोन मंत्रालयांची संसदेतली उत्तरं मी कामासाठी बरीच वर्षं वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मतदानावरून पक्ष कळतो, खासदार कळत नाही. खासदार कळतो तो त्याच्या प्रश्नांवरून. त्यातही प्रश्न किती यापेक्षा, एका उत्तराला धरून त्याने पुढचा प्रश्न विचारला का, हे बघायचं.

मतदानापासून सुरुवात करू, कारण तिथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष आधी बाजूने असणाऱ्यांना आणि मग विरोधकांना पुकारतात, दोन्हीकडून आवाज येतो आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय म्हणालं याची कुठेही नोंद होत नाही. नाववार नोंद हवी तर कुणीतरी मतविभाजन मागावं लागतं. एक देश एक निवडणूक विधेयक मांडताना १७ डिसेंबर २०२४ रोजी असं मतविभाजन झालं, २६९ विरुद्ध १९८. तिथे प्रत्येकाचं मत नावानिशी सापडतं. ऊर्जेच्या विधेयकांचं तसं नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती, तेलक्षेत्र कायद्यातली मार्च २०२५ मध्ये लोकसभेत मंजूर झालेली दुरुस्ती आणि अणुऊर्जा खासगी कंपन्यांना खुली करणारा डिसेंबर २०२५ चा ‘शांती’ कायदा, ही तिन्ही आवाजी मतदानाने झाली. त्यामुळे ‘विधेयकांना पाठिंबा दिला’ हा दावा खोटा ठरवता येत नाही आणि खराही ठरवता येत नाही. त्या दिवशी ते सभागृहात होते का, एवढं हजेरीपटावरून कळेल. मंत्री असतील तर तेही नाही, कारण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत.

मतविभाजन झालं तरी पक्षादेश, म्हणजे व्हिप, असतोच. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षादेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर खासदारकी जाऊ शकते. ऊर्जेच्या प्रश्नावर संसदेत सर्वांत ताणलेलं मतदान झालं ते २२ जुलै २००८ रोजी. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला होता आणि मनमोहन सिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ असा जिंकला. त्या चर्चेत राहुल गांधींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचा दाखला देऊन गरिबी आणि ऊर्जा यांचा संबंध मांडला होता. ते भाषण आजही काढून वाचण्यासारखं आहे, कारण ऊर्जा सुरक्षा हा शब्द सभागृहात इतक्या थेट एका घराशी जोडलेला क्वचित सापडतो. त्याच वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाने सांगूनही लोकसभेचं अध्यक्षपद सोडायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. स्वतःच्या मताने वागायची किंमत एवढी असते. म्हणून पक्षाच्या ओळीत उभं राहिल्याबद्दल तुमच्या खासदारांना शाबासकीही देऊ नका आणि दोषही देऊ नका.

विधेयकाच्या बाबतीत मतापेक्षा दुरुस्त्या बघा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्याच्या नेत्याने मांडलेल्या विधेयकाचं आहे. २०१० चं अणुदुर्घटना दायित्व विधेयक तेव्हाचे राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी लोकसभेत मांडलं. मूळ मसुद्यात प्रकल्प चालवणाऱ्याच्या भरपाईची कमाल मर्यादा ५०० कोटी होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीच्या अहवालावर आणि सभागृहाबाहेरही बराच वाद झाला आणि मर्यादा १,५०० कोटींवर गेली. कलम १७(ब) वरचा वाद तर एका शब्दावर आला होता. सदोष सामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई मागता येईल, पण त्यामागे त्याचा ‘हेतू’ सिद्ध झाला पाहिजे, अशी अट सरकारने घालायचा प्रयत्न केला. कोणता पुरवठादार हेतुपुरस्सर स्फोट घडवून आणेल? विरोधकांनी तो शब्द काढायला लावला. भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्याचा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला होता, तेव्हा लोकांच्या मनात ते ताजं होतं. पुढे पंधरा वर्षं परदेशी कंपन्यांना हेच कलम नको होतं. रत्नागिरी जिल्ह्यातला जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा म्हणून सुरू झालेला अणुप्रकल्प रखडण्यामागे जी कारणं आहेत, त्यात हे एक ठळक आहे. ‘शांती’ कायद्याने २०१० चा कायदा रद्द केला आणि त्याबरोबर हे कलमही गेलं.

आता तुमच्या खासदारांना याच जागी तपासा. लोकसभेत १७ डिसेंबर २०२५ ला या विधेयकावर चर्चा होऊन ते मंजूर झालं. ते बोलले का? बोलले तर दायित्वावर काही म्हणाले का, की फक्त २०४७ पर्यंतच्या १०० गिगावॉटच्या उद्दिष्टाचं कौतुक केलं? दुरुस्तीची सूचना दिली होती का? विधेयक समितीकडे पाठवा असं म्हणाले का? कोकणातल्या खासदाराने या विधेयकावर काय भूमिका घेतली हे माझ्या मते त्याच्या पाच वर्षांतल्या इतर कुठल्याही भाषणापेक्षा महत्त्वाचं आहे.

भाषणांबद्दल एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. लोकसभेच्या कार्यवाहीत काही भाषणांच्या नावाशी फुली असते आणि पानाखाली लिहिलेलं असतं की भाषण सभा पटलावर ठेवले. म्हणजे ते बोललेलं नाही, लेखी दिलेलं आहे. वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटली जाते, मोठ्या पक्षाच्या मागच्या बाकावरच्या खासदाराला बोलायला मिळतच नाही, म्हणून ही सोय आहे. त्यात गैर काही नाही. पण कार्यअहवालात ‘भाषण केले’ असं लिहिलं असेल तर ती फुली बघा. नियम ३७७ खाली मांडलेले विषयही पुष्कळदा असेच पटलावर ठेवलेले असतात. शून्य प्रहरात मात्र बोलावंच लागतं, भले दोन मिनिटं का असेना.

आता प्रश्न. खरं काम इथे दिसतं, आणि फुगवाफुगवीही सगळ्यात जास्त इथेच होते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. सूचना त्याहून खूप जास्त येतात, म्हणून सोडत निघते. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. एकाच विषयावर चार-पाच जणांनी प्रश्न दिले तर ते एकत्र करून एकच उत्तर दिलं जातं आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर चढतो. त्यामुळे साठ प्रश्न म्हणजे साठ विचार केलेले प्रश्न, असं धरू नका. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने आणि मंत्रालयाने प्रश्न शोधता येतात. ऊर्जा, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू, कोळसा, नवीन व नवीकरणीय ऊर्जा आणि अणुऊर्जा विभाग, असे पाच ठिकाणी शोधा. मग उत्तरं उघडून वाचा. यादी बघून थांबू नका.

वाचायला लागलात की पहिली चाळणी आपोआप लागते. ‘अमुक तालुक्यात कृषिपंपांना रात्रीच वीज का मिळते’ असा प्रश्न केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांना विचारला, तर उत्तर ठरलेलं येतं: वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, वितरण ही राज्य सरकारची आणि वितरण कंपनीची जबाबदारी आहे. त्यानंतर केंद्राच्या योजनांची नावं. हा प्रश्न आमदाराने विधानसभेत विचारायचा किंवा वीज नियामक आयोगापुढे न्यायचा. खासदाराने तो दिल्लीत विचारला तर गावात सांगायला उपयोग होतो, पण सरकार एक इंचही हलत नाही. केंद्राच्या हातात काय आहे? कोळशाची जोडणी (कोणत्या वीजप्रकल्पाला कुठला कोळसा द्यायचा ते), देशी गॅसचं वाटप, आंतरराज्य पारेषण, तेलाचे साठे, अणुप्रकल्प. यातलं काही विचारलंय का ते मोजा.

तेलसाठ्याचंच घ्या, कारण ऊर्जा सुरक्षा म्हणतात ती शेवटी इथे येऊन टेकते. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. अडचणीच्या वेळेसाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात पोकळ्या खोदून ५३.३ लाख टनांची साठवण केलेली आहे. यावर कुणीही प्रश्न विचारला की उत्तरात हाच आकडा येतो. त्यापुढे हे साठे सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागवतात आणि तेल कंपन्यांचे साठे धरून एकूण ७४ दिवसांची सोय आहे, ही वाक्यंही वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच आलेली आहेत. एप्रिल-मे २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा हे साठे भरून सुमारे ५,००० कोटी रुपये वाचले, हेही असतं. आणि शेवटी: ओडिशात चंडीखोल आणि कर्नाटकात पादूर इथे आणखी ६५ लाख टनांच्या साठवणीला जुलै २०२१ मध्ये मंजुरी दिली आहे.

बहुतेक खासदार हे उत्तर घेऊन थांबतात. पण ते नीट वाचलं तर तीन प्रश्न समोर उभे राहतात. ५३.३ लाख टन ही क्षमता झाली, आज आत तेल किती आहे? साडेनऊ दिवस हे कोणत्या वर्षीच्या खपावर काढलेत, कारण खप तर दरवर्षी वाढतोय? चंडीखोलला मंजुरी मिळाली, प्रत्यक्ष काम कुठे आहे? ज्या खासदाराने एका अधिवेशनात क्षमता विचारली, पुढच्यात भरणा विचारला आणि त्यापुढच्यात चंडीखोलची जमीन विचारली, त्याने विषय हातात घेतलाय असं मी समजतो. असे तीन प्रश्न एका विषयावर सापडले तर उरलेले सत्तावन्न सोडून द्या, माझ्या लेखी तो चांगला खासदार.

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभा पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर कुठे दिसलं तर तेही टिपून ठेवा. संसदेच्या लेखी हे आश्वासन ठरतं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. तुमच्या खासदारांनी त्या आश्वासनाचा पाठपुरावा केला का, हे त्यांना भेटून विचारता येईल असं आहे.

एक ठिकाण लोक अजिबात बघत नाहीत, ते म्हणजे स्थायी समित्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, पक्षादेश चालत नाही, सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये समित्या नेमल्या तेव्हा ऊर्जा समितीचं अध्यक्षपद मावळचे श्रीरंग बारणे यांच्याकडे आणि पेट्रोलियम समितीचं रायगडचे सुनील तटकरे यांच्याकडे आलं. दोन्ही महाराष्ट्राचे. उरणचा गॅसवर चालणारा वीजप्रकल्प मावळ मतदारसंघात येतो, गुहागर तालुक्यातला दाभोळचा प्रकल्प रायगड मतदारसंघात. दाभोळची क्षमता १,९६७ मेगावॉट, शेजारी द्रवरूप गॅस उतरवायचा धक्का आहे, आणि तरी देशी गॅस आटल्यावर २०१३ पासून तो प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू शकलेला नाही. गॅसवरच्या विजेचं काय करायचं हे विचारायला याहून योग्य जागा देशात नाही. समितीच्या अहवालांच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, त्यात उपस्थितांची नावं असतात. तुमचे खासदार यातल्या एखाद्या समितीवर असतील तर त्यांचा कार्यअहवाल बाजूला ठेवा आणि ही नावं बघा.

आकडे एकत्र करून देणाऱ्या संस्थांपैकी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं काम विश्वासाचं आहे. हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न आणि खासगी सदस्य म्हणून मांडलेली विधेयकं हे सगळं सदस्यवार मिळतं. सरासरीशी तुलना करायला ते वापरा. मंत्री झालेल्या खासदारांच्या नावापुढे शून्य दिसलं तर दचकू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत. त्यांची उत्तरं तपासायची.

आणि नुसतं तपासून थांबू नका, प्रश्न लिहून द्या. खासदारांच्या कार्यालयांना नेमका, केंद्राच्या अखत्यारीतला, दोन-तीन उपभागांत मांडलेला प्रश्न हवाच असतो, कारण तो तयार करायला त्यांच्याकडे माणसं कमी असतात. तुम्ही रत्नागिरीचे आहात म्हणून सुचवतो: दाभोळ प्रकल्पाला गेल्या तीन वर्षांत वर्षवार किती देशी गॅस वाटप झाला, त्यातून किती युनिट वीज झाली, आणि उन्हाळ्यातली कमाल मागणी भागवण्यासाठी गॅस प्रकल्प वापरण्याचं सरकारचं धोरण काय. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात नेऊन द्या. सूचनेला किमान १५ दिवसांची मुदत लागते, उशीर झाला तर तो कागद पुढच्या अधिवेशनावर जातो.