नेता दारुडा, बाहेरख्याली असेल तर ख्रिस्ती मतदाराने त्याला मत द्यावं का?

फरक पडतो, पण सगळ्या दोषांचा सारखा नाही. 'एका स्त्रीचा पती, मद्यपी नसलेला' ही बायबलच्या 1 तीमथ्य 3 मधली अट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अध्यक्षासाठी आहे, आमदारासाठी नाही. चर्चमधल्या गप्पांत ती उमेदवाराला सर्रास लावली जाते, तिथेच घोळ होतो. कारभाऱ्यांसाठी निर्गम 18:21 बघा: कर्तबगार, देवाला भिणारे, लाचेचा तिटकारा असलेले. उरीया या सैनिकाच्या बायकोशी व्यभिचार केलेल्या दाविद राजाचं उदाहरण नेत्यांवर पांघरूण घालायला देतात. पण 2 शमुवेल 12 मध्ये संदेष्टा नाथान राजाला तोंडावर दोषी ठरवतो. शिवाय दाविदाने उरीयाला मारायला सैन्य वापरलं. खासगी पाप सत्तेच्या जोरावर झाकलं की ते खासगी राहत नाही.

ऐकीव गोष्टींपेक्षा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचा नमुना 26, म्हणजे अर्जासोबतचं शपथपत्र, उघडा. प्रलंबित खटले, शिक्षा, जोडीदारासकट मालमत्ता, सरकारी थकबाकी, सगळं असतं. बायकोला मारहाण केल्याचा खटला तिथे दिसेल. लफडं दिसणार नाही, 2018 पासून व्यभिचार गुन्हाच नाही. मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही शेजारी ठेवा, मालमत्तेची उडी लगेच कळते.

आणि धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार भ्रष्ट आचरण आहे, मागणारा आपल्याच चर्चचा असला तरी.