बोटं थांबली त्या दिवशी

शहापूर, बेळगाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा कुकर लावला होता, नीट बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते. खानापूरहून येऊन तू स्मृतिभ्रंशाच्या माणसांना सांभाळायचं काम धरलंस आणि पहिल्याच पावसाळ्यात तुमच्याकडे तापाची साथ शिरली. नातेवाइकांना दारातून परत पाठवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं. एका आजींनी विचारलं, "नवरा माझा की तुझा?" आणि तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस. त्या आजींच्या जागी मी पाच वर्षं उभी होते. तेव्हा त्यांची बाजू माझ्याकडून ऐक.

आमचे हे विणकर, तुला माहीतच आहे. आधी हातमाग, मग वडगावात पॉवरलूमवर. आजार वाढला तसं माझं नाव गेलं, मुलाचं गेलं, पण बोटं शाबूत राहिली. दिवसभर चादरीचा काठ धरून तुटलेला धागा जोडत बसायचे. अंगठा आणि तर्जनीत एक पीळ द्यायचा, की पुढचा धागा. तुमच्यासारख्याच एका केंद्रात ठेवलं होतं त्यांना. एका जुलैत मी भेटायला गेले तर चादर मांडीवर आणि हात तसेच पालथे पडलेले. ताप नाही, खोकला नाही. ड्यूटीवरचा पोरगा कौतुकानं म्हणाला, "आज अज्जा एकदम शांत आहेत की." मी म्हटलं, शांत नाहीत रे, आजारी आहेत. मी हट्ट धरला म्हणून बोटाला ते यंत्र लावलं, तर ऑक्सिजन ८८, खूपच खाली. रात्री दवाखान्यात न्यूमोनिया निघाला, फ्लूवरून झालेला.

आणि गंमत बघ. चार-पाच दिवसांनी बोटं पुन्हा चालायला लागली, तेव्हा एका नव्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, भ्रम वाढलाय, पांघरूण चाचपताहेत. त्यांचंही चूक नव्हतं, आजारी माणूस असं चाचपतो. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, ते कामावर रुजू झालेत."

म्हाताऱ्या माणसाला मोठं दुखणं येतं तेव्हा ताप येईलच असं नाही. त्यात स्मृतिभ्रंश असला की "मला दुखतंय" हे शब्दच हाताशी नसतात. मग एक-दोन दिवसांत माणूस बदलतो. झोपाळतो, गप्प होतो, नाहीतर उलट रात्रभर ओरडतो. पाणी नको म्हणतो, चालता चालता पडतो. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. विसराळूपण सहसा महिन्या-महिन्यांनी वाढतं, एका रात्रीत नाही. असं काही दिसलं की "आजार वाढला" म्हणून सोडू नकोस, लगेच सिस्टरला सांग. आणि गप्प पडलेल्याकडे आधी बघ. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतातच.

पण काय बदललं हे तुला कसं कळणार? तू दोन महिन्यांची, ते संसार पन्नास वर्षांचे. म्हणून त्या आजींना दारात थांबव, पण परत पाठवू नकोस. वही काढून विचार: आजोबा एरवी हातानं काय करतात, पाणी कसं घेतात, दुखलं की तोंड कसं करतात? लिहून घे. बाईमाणूस भांडायचं विसरून सांगत बसेल, बघ.

त्यांच्या रागाखाली काय असतं तेही सांगते. ह्यांची बोटं थांबायच्या तीन दिवस आधी मी घसा खवखवत असताना गेले होते, कुंद्याची पुडी घेऊन. बेळगावच्या पावसात कुणाचा घसा खवखवत नाही? फ्लू लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत बाहेर पडतो, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे माझ्याकडून गेला की आणखी कुणाकडून, हे कुणीच सांगू शकलं नसतं. मी मात्र मनात निकाल लावून टाकला होता. "तुमच्यामुळे झालं" असं कुणालाही चुकूनसुद्धा म्हणू नकोस. नियम सांगायचे ते पाऊस लागायच्या आधी, चहा घेताना. खोकला असेल तर त्या दिवशी येऊ नका, फोन करा. फ्लूची लस दर वर्षी मे महिन्यात घ्या, कारण ती अंगी लागायला दोन आठवडे जातात. आजोबांनी, आजींनी आणि तूसुद्धा. तू घेतलीस का? नसशील घेतली. पोरांना वाटतं, आपल्याला काय होतंय. प्रश्न तुझा नाहीच, तू दिवसाला बारा जणांना भरवतेस.

जुलाब-उलट्यांची साथ असेल तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नकोस, त्यातल्या काही विषाणूंना तो दाद देत नाही. साबण आणि पाणी, नीट चोळून. स्वतःला झालं तर थांबल्यावरही ४८ तास कामावर जायचं नाही, पगार कापला तरी. खरूज निघाली तर खाजत नाही त्यांनाही एकाच वेळी औषध, नाहीतर महिनाभर फिरत राहते. आपल्याकडे जुलैत कपडे उन्हात टाकायची सोय नाही, तेव्हा गरम पाणी.

दार सरसकट बंद करणं मात्र मला पटत नाही. २०२० मध्ये ते झालं. मुलगा कोल्हापूरचा, पुढच्या वर्षी ७२ तासांतला आरटीपीसीआर अहवाल असल्याशिवाय कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरून आत सोडत नव्हते. मी गावातच, तरी लांबच. व्हिडिओ कॉल लावून दिला तर हे फोन उलटा करून माझा आवाज मागच्या बाजूला शोधायचे. मग घाबरायचे. शेवटी मी छत्री घेऊन खिडकीबाहेर उभी राहायला लागले, काचेवर बोटांनी धागा जोडून दाखवायला. ते आतून बघायचे. ओळखायचे की नाही, देवाला ठाऊक. पण त्या दिवशी जेवायचे. तेव्हा घरच्या एका माणसाला तरी मास्क घालून, हात धुऊन, थोडा वेळ आत सोडता येईल का, हे तुमच्या मॅडमना विचार. खिडकी तर फुकट आहे.

एक राहिलं. ह्यांचा सगळा धंदा कन्नडमध्ये झाला, पण दुखण्यात कन्नड गळून पडलं. "नीरु कुडीरी" म्हटलं की तोंड मिटायचे, "पाणी घ्या" म्हटलं की घोट घ्यायचे. तुझ्याकडे याच्या उलट, फक्त कन्नडच उरलेली माणसंही असतील, तेव्हा आईची भाषा कुठली ते विचारून ठेव. आणि मास्क लावून जवळ गेलीस तर आधी दुरून नाव सांग. डोळे तेवढे दिसतात, त्यांना काय कळणार तू कोण.

हे जाऊन दोन वर्षं होतील आश्विनात. चादर इथेच आहे, काठाचे धागे सुटलेले.

रविवारी सुट्टी असेल तर ये, थालीपीठ लावते. खोकला असेल तर फोन कर.

तुझ्या
बाई